ड्रमातला हळदीचा हात

॥ श्री ॥

जुने शहर, अकोला
२८ सप्टेंबर १९६४

ती. गं. भा. रुख्मिणीअक्का हिच्या सेवेसी,

चंद्रभानचा शि. सा. न. वि. वि. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत, तुझी खुशाली कळली की आणखी मजेत राहू.

तुझी मोटार अखेर माझ्या अंगणात येऊन पोचली. पोचली म्हणजे काय, आणावी लागली. मूर्तिजापूरपर्यंत बरी चालली. पुढं ब्रेक दाबला की पाय मऊ भातात गेल्यासारखा खाली जायचा आणि गाडी आपल्या मर्जीनं थांबायची. बोरगावपासून मी तिला इतकी हळू आणली, की एका बैलगाडीवाल्यानं मला मागं टाकताना विचारलं, बैल सोडू का ओढायला. तुझा भाऊ मान खाली घालून अकोल्यात शिरला.

भाऊजींनी या गाडीला कधी मिस्त्रीचा हात लागू दिला नाही, तर आता मीही देणार नाही. बाबांचं घड्याळ मी उघडून ठेवलं होतं ते तू काढशीलच, पण त्यानंतर जबलपूरच्या नोकरीत इंजिनांतच माझे हात काळे झाले आहेत. गाडी विटांवर उभी केली आणि चाकं काढली. चाकाच्या आत बिडाचं एक भांडं असतं, त्याला ड्रम म्हणतात. ब्रेक दाबला की दोन अर्धगोल शू आतून त्या भांड्याला घासतात आणि चाक थांबतं. तुझ्या गाडीचे ड्रम आतून इतके झिजलेत, की बोट फिरवलं तर चऱ्या लागतात. नवे मुंबईहून मागवलेत.

एक गंमत सांगतो. तीन ड्रम निघाले, पण पुढचा डावीकडचा निघेना. त्याच्या नटाची पिन गंजून एकजीव झाली होती, ती कानसीनं कापावी लागली. मग लाकडी हातोड्यानं चहूकडून ठोकून ओढला, तर आतल्या बाजूला तेल-हळदीचा हात उमटलेला. आणि तोही ओला. भाऊजी जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून हे चाक कोणी उघडलं नसणार. शिवाय मी अमरावतीपासून ब्रेक दाबत आलो, ठसा तर घासून जायला हवा होता. अक्का, खरं सांग, तू कोणाकडून पूजा करवून घेतलीस? ब्रेकच्या आत तेल लावतात का गं? पेट्रोलनं पुसून टाकलं.

ललीला सातवा लागला की हिवरखेडला जाऊन तिला याच गाडीतून तुझ्याकडं पोचवतो. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाची तयारी तू कर, गाडीची मी करतो.

मैनाचा नमस्कार. माझ्यावरची माया अशीच राहू दे.

तुझा
चंद्रभान


॥ श्री ॥

अमरावती
४ ऑक्टोबर १९६४

चि. चंद्रभान यास,

रुख्मिणीचे अ. उ. आ. पत्र मिळालं. बैलगाडीचं वाचून मी एकटीच हसली. शेजारच्या गोदाबाई डोकावून पाहून गेल्या, की हिले काय झालं.

पूजेचं म्हणशील तर मी त्या गाडीले कधीच हात लावला नाही. लावू कोण देत होतं? दसऱ्याले आणि लांबच्या गावाले निघायच्या आधी ते स्वतः चाकं काढायचे, ड्रम पाटावर मांडायचे आणि तेल-हळदीचा हात उमटवायचे. त्याशिवाय गाडी दारातून हलत नसे. पण तो हात बाहेरून. आत तेलाचा थेंब जाऊ देत नव्हते. एकदा माझा पदर तेलाच्या वाटीले लागला तर दिवसभर बोलले नाही. आत तेल म्हणजे माणूस मारायचं काम, असं म्हणायचे. आणि ते गेल्यावर शेडची चावी माझ्याच कमरेले होती.

तुझ्या गंमतीनं मले काही बरं वाटलं नाही बाबा. मैनाले विचार, तिनं तर नाही ना केलं? ती भोळी आहे, तिले आत-बाहेर काय कळते.

लली पत्रात गाडीचाच घोष लावून राहिली. तिचं चुकत नाही. लग्नात ती बोहल्यावरून उतरली तेव्हा बापानं तिले सांगतलं होतं, की पहिल्या बाळंतपणाले मी स्वतः येईन, गाडीतून आणीन, दुसऱ्या कोणाले पाठवणार नाही. शेवटच्या दुखण्यात जीभ जड झाली होती तरी तेच बोलायचे, ललीले मीच आणीन. आता मामाच्या हातानं का होईना, गाडी तरी तीच राहीन.

जेवणाची हेळसांड करू नको. मैनाले सांग, तिच्यासाठी सांडगे ठेवलेत. आठवण ठेवत जा.

तुझी
अक्का


॥ श्री ॥

जुने शहर, अकोला
१८ ऑक्टोबर १९६४

ती. अक्का हिस,

शि. सा. न. वि. वि. दसऱ्याचं सोनं या पत्रात घालतो आहे, दोन पानं मोडली तर पोस्टाला बोल लाव.

नवे ड्रम आले. शूंना नवं अस्तर मारलं, स्प्रिंगा बदलल्या, सगळं माझ्या हातानं बसवलं. चाक हातानं फिरवून ब्रेक दाबायला मैनाला आत बसवलं होतं. चाक जागच्या जागी थांबायचं. मी इतका खूष झालो की तिला नवं लुगडं कबूल करून बसलो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाळापूरच्या रस्त्यानं गाडी काढली. रस्ता मोकळा होता. पुढं एक म्हैस आडवी आली म्हणून ब्रेक दाबला, तर पायाखाली काहीच नाही. गाडी उजवीकडं ओढली गेली आणि बाभळीच्या खोडापाशी जाऊन, कशी कोण जाणे, आपोआप थांबली. बाभूळ आणि गाडी यांच्यात एक माणूस उभा राहील एवढीच जागा. मी उतरून आधी त्या खोडाला हात जोडले, खोटं कशाला सांगू.

घरी आणून डावं चाक उघडलं. नव्या ड्रमच्या आत पुन्हा तोच हात, ओला. मला इतका राग आला की मी मैनाला नको ते बोललो. तिनं दसऱ्याला कोयता, विळा, माझे पाने-हातोडे सगळ्यांना हळद लावली होती, म्हणून मी म्हटलं, हे पण तुझंच. तिनं देव्हाऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली. मी मानली नाही, आणि आता ती माझ्याशी बोलत नाही. ताट समोर सरकवते आणि स्वयंपाकघरात जाते.

तिचा रुसवा काढायला तूच दोन ओळी लिही. मनातून मला कळतं की हात तिचा नाही. तिचा पंजा लहान, हा मोठा, पुरुषी. अंगठ्याजवळचं बोट पूर्ण, मधलं पूर्ण, करंगळी पूर्ण, पण करंगळीच्या शेजारचं तेवढं अर्ध्यातच संपलेलं आहे. दोन्ही वेळा तसंच. कोणाची ही मस्करी असेल तर सापडला की सोडणार नाही.

तुझ्या पत्राची वाट पाहतो आहे, रागावू नको.

तुझा
चंद्रभान


॥ श्री ॥

अमरावती
२२ ऑक्टोबर १९६४

चि. चंद्रभान यास,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचल्याबरोबर घाईनं लिहून राहिली, अक्षर लागलं नाही तर मैनाकडून वाचून घे. आधी तिची माफी माग.

तू तेव्हा जबलपूरले होता, तुले माहीत नाही. ते गेले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात गाडीचं बॉनेट उघडून काही करत होते, पंखा सुरू होता. त्याच्यात उजव्या हाताचं बोट गेलं. करंगळीच्या शेजारचं. अर्धं. तू तेराव्याले आला, तेव्हा पाहायले हात उरले नव्हते. मी तुले सांगतलं नाही, कारण त्यायनं कोणाले सांगू दिलं नाही. बाहेर जाताना त्या हातावर उपरणं टाकून ठेवायचे.

चंद्रभान, मले भीती वाटून राहिली. त्यांची नाही. सोळा वर्षांची होती तेव्हापासून त्यांच्या घरात राहिली, त्यांची काय भीती. पण ज्या माणसानं आत थेंब जाऊ दिला नाही, तो आता आतून हात लावतो, याचा अर्थ काय घ्यावा? ललीले मीच आणीन म्हणाले होते. ते आता जिथं आहेत तिथून आणून पोरीले कुठं नेतील? मले माझी पोरगी इथं पाहिजे, माझ्या दारात, पोटातल्या जिवासकट.

म्हणून तुले बजावून सांगते. त्या गाडीत ललीले बसवायचं नाही. एसटीनं जा, एसटीनं आण. दिवाळी झाली की पहिल्या रविवारी जा, तिच्या सासऱ्यांना मी कार्ड टाकते. गाडीचे ड्रम काढून कुलपात ठेव. माझी आण आहे तुले.

ताबडतोब उत्तर दे. तुझ्याशिवाय मले कोण आहे.

तुझी
अक्का


॥ श्री ॥

अकोला
२९ ऑक्टोबर

अक्काबाईले मैनाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

तुमच्या भावाले पत्र लिवाचं होत नाई, म्हून मी लिवून राह्यली. शाळा चौथीपर्यंतच झाली, चुकलं तर समजून घ्याल. त्यायनं माफी मांगतली. मी लगेच नाई देल्ली, एक दिवस तसंच राहू देल्लं. मंग देल्ली.

ड्रम चारी काढले. धोतरात बांधून कोठीच्या खोलीत ठेवले, कुलूप लावलं, चाबी माह्या कमरेले हाय. गाडी इटांवर उभी हाय. तिले आता चाकंच नाईत तर ते जाते कुठं, असं मी यायले म्हटलं. पण मनात माह्या राह्यलं. आपल्याकडे माणूस गेल्यावर राखेत पाऊल पाह्यतात ना, कोणत्या रूपानं आला ते. मी बी तसंच केलं. कोठीत ड्रमाच्या भोवती चुलीतली राख चाळून पसरली, दार लावलं, सकाळी न्हाऊन उघडलं.

पाऊल नव्हतं अक्काबाई. मले वाटलं बरं झालं. मंग खाली बसून पाह्यलं, तर राखेत चाकाची रेघ. एकच. भिताडापासून निंगून दरवाज्यापर्यंत गेलेली, नक्षीसकट. आन दरवाज्यापाशी संपलेली. चाकं अंगणात, बाजेखाली. दरवाज्याले कुलूप तसंच. यायले मी दाखवलं तर हे मटकन तिथंच बसले.

मी नाई घाबरली. मी तिथंच उभी राहून तुमच्या मालकायले बोलली, डोक्यावर पदर घेऊन. म्हटलं जवाईबुवा, तुमाले पोरीले पाहाचं असंन तर पाहा, पण तिच्या जिवाले धक्का लावू नका, तिच्या मायेले ते एकच हाय. मंग खोलीत पेट्रोलचा वास आला भल्ला.

हे दिवाळीनंतरच्या रविवारी एसटीनंच जातीन. मी यायच्या पिशवीत अंगारा घातला. तुमी काळजी करू नका आन उपास करू नका, तुमची तब्येत मले माहीत हाय. सांडगे पाठवान तं ललीच्या हाती नका पाठवू, ते पोट्टी अर्धे खाऊन टाकते.

गरिबावर ध्यान ठेवा.

तुमची
मैना


॥ श्री ॥

अमरावती
९ नोव्हेंबर १९६४

चि. चंद्रभान यास,

आशीर्वाद देते, पण रागानं देते.

लली काल दुपारी पोचली, सुखरूप आहे, हे आधी लिहिते. बाकी तुझी कानउघाडणी. मी आण घातली होती, तुझ्या बायकोनं लिहून कळवलं होतं की ड्रम कुलपात आहेत, आणि तू सरळ तीच गाडी घेऊन दारात उभा. दोनदा हॉर्न वाजवला तेव्हा मी चुलीपुढं होती. बाहेर येऊन पाहते तर काळी मोटार. माझा जीव कसा झाला असंन याचा विचार केला तू?

मी भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. लली उतरली, तिच्यावरून ओवाळून टाकलं, डोळ्याले पाणी लावलं. इतका वेळ तू स्टेअरिंगवर बसून होता. मी मुद्दाम तुझ्याकडं पाहिलं नाही. म्हटलं, आधी येऊन पाया पडू दे, मग बोलीन. तर तू पाण्याले सुद्धा न थांबता गाडी वळवून निघून गेला. अशी रीत असते का रे? बहिणीच्या दारातून कोरडा जायचा?

लली मात्र तुझं कौतुक करून थकत नाही. म्हणते, मामांनी इतकी हळुवार आणली की पोटातलं पाणी हललं नाही, ब्रेक कधी लागतो ते कळत नव्हतं. घसा बसलाय म्हणून मामा बोलले नाही, तोंडाले उपरणं गुंडाळलं होतं, नुसती मान हलवत होते. पहाटेच नेलं म्हणून सासूबाई पोहे करू शकल्या नाहीत, त्यांना वाईट वाटलं.

आणि संध्याकाळी तुझी तार, लली पोचली का. तूच आणून सोडतो आणि तूच विचारतो. मी लगेच उलट तार केली, पोचली म्हणून. रागाच्या भरात आणखी शब्द घालायची होती, पण तारमास्तरसमोर लाज वाटली.

ब्रेक चांगले झाले असतील तर चांगलंच झालं. तरी मी अजून रागावलेलीच आहे. येऊन समजूत काढ.

तुझी
अक्का


॥ श्री ॥

जुने शहर, अकोला
१२ नोव्हेंबर १९६४

ती. अक्का हिस,

शि. सा. न. वि. वि. हे पत्र एकटी असताना वाच. ललीच्या हाती लागू देऊ नको.

मी रविवारी सकाळी एसटीनं निघालो. अकोटला गाडी बदलून हिवरखेडला पोचेपर्यंत दुपार टळायला आली होती. ओसरीवर ललीचे सासरे नत्थुजी सुपारी कातरत बसले होते. मला पाहून त्यांचा अडकित्ता हातात तसाच राहिला. म्हणाले, काही विसरलं का, पहाटेच तर घेऊन गेलात. मला वाटलं थट्टा करतायत. मग तिची सासू बाहेर आली आणि ती पण तेच म्हणाली. काळी मोटार, तोंडाला उपरणं, उजवा हात उपरण्याखाली. ट्रंक स्वतः उचलून ठेवली, डाव्या हातानं.

अक्का, त्यांना काय सांगू? चुकून पुन्हा आलो, असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी मला भांग चढली असं समजून ताक पाजलं. अकोटला येऊन तुला तार केली आणि शेवटच्या एसटीनं घर गाठलं. तुझी तार माझ्या आधी येऊन पोचली होती. ती वाचून मी अंगणातच बसलो आणि रडलो.

गाडी विटांवर होती, चाकांवाचून, जशी ठेवली तशी. मैना म्हणाली, दिवसभर ती अंगणातच शेंगा फोडत बसली होती, गाडी तिच्या डोळ्यांसमोर होती. मग तिनं कमरेची चावी काढली आणि आम्ही दोघं कंदील घेऊन कोठीत गेलो. धोतराची गाठ तशीच. सोडली. चारही ड्रम आतून लख्ख, हळदीचा मागमूस नाही. मी हात लावला आणि झटकन काढून घेतला. ते गरम होते. लांबचा रस्ता तोडून आलेल्या गाडीचे असतात तसे, नुकत्या उतरवलेल्या तव्यासारखे. मैनानंही लावून पाहिला. सकाळपर्यंत ते निवत होते.

मला हे सहन होत नाही. बुधाजी भंगारवाला अंगणात येऊन गाडी पाहून गेला. तुझा होकार आला की मोडीत काढतो. ललीला सांगायचं की नाही ते तू ठरव. लवकर लिही, माझी झोप उडाली आहे.

तुझा
चंद्रभान


॥ श्री ॥

अमरावती
१८ नोव्हेंबर १९६४

चि. चंद्रभान यास,

अनेक आशीर्वाद, आणि मैनाले जास्त. तिनं त्यायले जे सांगतलं ते त्यायनं ऐकलं. पोरीच्या जिवाले धक्का लागू दिला नाही.

ललीले मी काही सांगतलं नाही. सहज विषय काढला, मामानं वाटेत काही खाऊ घातलं का म्हणून. ती म्हणाली, दर्यापूरच्या अलीकडे एक विहीर आहे, तिथं गाडी उभी करून रेडिएटरमध्ये पाणी घातलं. बाबा नेहमी त्याच विहिरीवर थांबायचे, मामांना कसं माहीत, याचं तिले नवल वाटलं. गाडीपाशी परत आल्यावर त्यांनी डाव्या हातानं तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, असंही म्हणाली. तिले तेव्हा रडू आलं, काहून ते तिलेही कळलं नाही.

तुझं पत्र आलं तेव्हापासून मी दारात जाऊन उभी राहते. तो दिवस पुन्हा पुन्हा आठवते. दोनदा हॉर्न वाजवायची सवय कोणाची, हे मले तिथंच कळायले पाहिजे होतं. इतकी वर्षं तेच ऐकून मी चुलीवरून उठत होती. ते बसून होते, चंद्रभान. मी तुकडा ओवाळून राहिली, पाणी टाकून राहिली, आणि ते तिथं, दारापासून दोन हातांवर, बसून होते. मी मान वर केली असती तर दिसले असते. तुझ्यावरच्या रागात मी पाहिलं नाही. ते माझ्याकडं पाहत असतील. पाण्यालेही विचारलं नाही मी त्यायले.

मी तुले लिहिलं होतं की मले भीती वाटते. ती आता गेली. आता नुसती हळहळ आहे, आणि ती जात नाही.

म्हणून तुले सांगते, गाडी मोडीत काढायची नाही. बुधाजीले परत पाठव. ड्रम बसव, चाकं बसव, गाडी अंगणात उभी राहू दे. ललीचं बाळंतपण नीट होऊ दे, बाळ सव्वा महिन्याचं होऊ दे, तिले मी एसटीनं सासरी पोचवीन. त्यायनं आणायचं कबूल केलं होतं, ते त्यायनं केलं.

मग मी मोकळी आहे. लांबच्या गावाले निघायच्या आधी ते ड्रमवर हात उमटवतात, हे तुले मी आधीच लिहिलं आहे. तू मधून मधून डावं चाक उघडून पाहत जा. हळद दिसली तर पुसू नको, मले एक कार्ड टाक. मी लुगडं बदलून दारात उभी राहीन, आणि या वेळी मान वर करून पाहीन.

बहिणीवरचा जीव कमी करू नको.

तुझी
अक्का